स्पीड ९४ वर अडकलाय आणि संध्याकाळी नेट जातंय? राउटर बदलण्याआधी हे बघा

२०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, स्पीड टेस्ट ९४ च्या वर जात नाही, संध्याकाळी नेट मधूनमधून जातं आणि नेटवाला राउटर बदलायला सांगतोय, असा तुमचा प्रश्न आहे. मला यात दोन वेगळे बिघाड दिसतात. नवा राउटर इतक्यात घेऊ नका.

आधी ९४ चं बघू. १०० एमबीपीएसच्या इथरनेट लिंकवर प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. म्हणजे कुठली तरी लॅन केबल गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएसऐवजी) १०० वर जुळली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० ला १, २, ३ आणि ६ या चारच पुरतात. उरलेल्यांपैकी एखादी तुटली किंवा क्रिंप करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) नीट बसली नाही, तर नेट चालू राहतं, पण स्पीड पडतो. म्हणून हा दोष लवकर लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतो का ते बघा. वायफायवरही ९४ च मिळत असतील, तर ओएनटी (ज्यात फायबर येते तो डबा) आणि राउटर यांच्यामधली केबल बदला. कॅट ५ई ची तयार केबल पुरते, कॅट ६ वर पैसे घालवायची गरज नाही. जुनीच पुन्हा क्रिंप करायची असेल तर दोन्ही टोकांना हा क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबल बदलूनही फरक पडला नाही तर पोर्ट तपासा. काही ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिट असतो, आणि काही स्वस्त राउटरचा वॅन पोर्टच (ज्यात नेट आत येतं तो) १०० चा असतो. तसं निघालं तरच नव्या राउटरचा विचार करा.

आता संध्याकाळचं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमधल्या कमांड टाइप करायच्या) दोन विंडो उघडा. एकीत राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) सलग पिंग लावून ठेवा; पिंग म्हणजे समोरून उत्तर येतं का आणि यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड. हे वायफायवरच करा आणि नेट जाईल तेव्हा दोन्हींकडे बघा.

राउटरचाच पिंग अडखळला, तर दोष घरातल्या वायफायचा. इमारतीत संध्याकाळी सगळ्यांचे राउटर जोरात चालतात आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि टीव्ही-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

राउटर ठीक, पण ८.८.८.८ चा पिंग नुसता वाढतोय, असं असेल तर आधी घरातले फोन बघा. संध्याकाळी सगळे घरी आले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि अपलोड भरून जातो. तो रात्रीवर ढकला. फोन बंद ठेवूनही तेच होत असेल, तर गर्दी नेटवाल्याकडे आहे.

८.८.८.८ पूर्ण बंद पडला तर त्या क्षणी ओएनटीचे दिवे बघा. एलओएस (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. सगळे दिवे विझून परत लागत असतील, तर बहुधा अ‍ॅडॉप्टर दमलाय. त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अ‍ॅम्पियरचा आणि तशाच पिनचा लावून बघा. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद दिसते. आरएक्स (तुमच्याकडे पोचणारा प्रकाश) -१५ ते -२५ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. -२७ च्या आसपास असेल तर लिंक तुटू शकते. कपाटामागे घट्ट दुमडलेली पिवळी पॅचकॉर्ड (ओएनटीला लागणारी फायबरची बारीक वायर) हे याचं नेहमीचं कारण. हिरवं कनेक्टर निळ्यात खुपसलं असेल तरी पॉवर पडते. कनेक्टर काढलंत तर त्याच्या टोकात डोकावू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही.

या सगळ्यात टाचणीने दाबायचं रीसेट बटण मात्र दाबू नका. पीपीपीओईचं युजरनेम (नेटवाल्याकडचं तुमचं लॉगिन) आणि व्हीलॅन (नेटवाल्याने भरलेला नेटवर्क क्रमांक) पुसलं जातं, मग नेटवाला येईपर्यंत घर बंद. तक्रार करताना आरएक्सचा आकडा, नेट गेल्याची वेळ आणि दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट पाठवा. एवढं हातात असलं की ‘राउटर बदला’ म्हणून तुमची बोळवण करता येणार नाही.