लहान मुलांच्या हाती संगणक कधी द्यावा?

प्रश्न : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या शिशुवर्गात यंदापासून संगणकाचा तास सुरू झाला असून घरीही रोज सराव करून घ्यावा, असे शिक्षकांनी सुचवले आहे. माझ्या पतींच्या मते पुढचे सगळे जग संगणकावरच चालणार असल्याने जितक्या लवकर हात बसेल तितके चांगले. सासूबाईंना मात्र त्याच्या डोळ्यांची काळजी वाटते. मला दोघांचेही म्हणणे थोडेथोडे पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. आत्ता सुरुवात केली नाही, तर तो मागे पडेल का?

उत्तर : तुमचा मुलगा मागे पडणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगण्याचे कारण असे, की या बाबतीतले बरेचसे निर्णय मागे पडण्याच्या भीतीपोटी घेतले जातात, आणि ती भीती बाजूला ठेवली, की मुलाला या वयात नेमके काय हवे आहे याचा शांतपणे विचार करता येतो.

एवढ्या वयाचे मूल माऊस हाताळत असताना थोडा वेळ जवळ बसून पाहा. माऊस टेबलाच्या कडेला पोहोचला, की तो उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. लागोपाठ दोनदा क्लिक करायला सांगितले, तर पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मधल्या क्षणात हात सरकतो आणि चित्र भलतीकडेच जाते. यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही, मनगटावर आणि बोटांवर ताबा अजून यायचा असतो, इतकेच. हेच मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, की हे सगळे थोड्याच दिवसांत आत्मसात करते. शिवाय तोवर त्याला वाचता येऊ लागलेले असल्याने पडद्यावर काय लिहिले आहे ते कोणाला विचारावे लागत नाही. टॅबलेट मात्र त्याला आजच सहज चालवता येईल, पण जे न शिकवताही येते त्यासाठी वेगळा सराव कशाला हवा?

त्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा, की लहान मूल माणसांकडून जसे शिकते तसे पडद्याकडून शिकत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवण्यात आली. ज्या बाळांशी प्रत्यक्ष माणसे खेळली आणि बोलली, ती त्या भाषेतील ध्वनींमधले भेद ओळखू लागली; ज्यांनी तीच माणसे पडद्यावर पाहिली, त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. साडेचार वर्षांचे मूल नऊ महिन्यांच्या बाळासारखे नसते आणि पडद्यावरून त्याला काही ना काही शिकता येते, हे मान्य केले पाहिजे. तरीही शेजारी बसून प्रश्न विचारणारे, त्याच्या उत्तरावर पुन्हा काही बोलणारे मोठे माणूस असले, तर ते शिकणे अधिक रुजते.

अक्षरांच्या बाबतीतही असेच आहे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरे हाताने लिहून, तर काही कीबोर्डवर दाबून घेतली. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी अधिक जागे झालेले दिसले. अभ्यासातील मुलांची संख्या थोडी असल्याने त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण पाटी, खडू, माती, कात्री आणि कागद यांची जागा कीबोर्डला देण्याची घाई करू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, मात्र तिचे मूळ थोडे वेगळे आहे. पडद्याच्या उजेडापेक्षा तासन्‌तास जवळचे पाहत राहणे आणि घराबाहेरच्या मोकळ्या उजेडात कमी वेळ घालवणे यांचा संबंध मुलांना चष्मा लागण्याशी अधिक आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसू लागले, तर ज्या शाळांत असा बदल केला नव्हता तिथे हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. म्हणजे पडद्यासमोरच्या वेळाइतकाच, तो वेळ कशाच्या वाट्याचा घेतला जातो हाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, हालचाल किमान तीन तास व्हावी आणि झोप १० ते १३ तासांची असावी. या एका तासात दूरदर्शन संच आणि मोबाइलही आले, हे बहुतेक घरांत विसरले जाते. शिवाय ती कमाल मर्यादा आहे. रोज पुरी केलीच पाहिजे अशी गरज नव्हे.

तुमच्या पतींना मुलाने संगणकाच्या जगात आत्मविश्वासाने वावरावे असे वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. त्यासाठी लागणारा विचार मात्र यंत्राशिवायही शिकवता येतो. एके संध्याकाळी त्यांनाच यंत्रमानव होऊ द्या आणि मुलाला सूचना द्यायला सांगा: तीन पावले पुढे, उजवीकडे वळ, पुन्हा दोन पावले. सांगितले तेवढेच करायचे, न सांगितलेले काही करायचे नाही, हा एकच नियम पाळायचा. बाबा खुर्चीला धडकले, की सूचना कुठे चुकली हे मूल स्वतःच शोधू लागते, क्रम बदलते, पावले पुन्हा मोजते. प्रोग्रॅमिंगचा गाभा याहून फार वेगळा नाही.

वर्गातून त्याचे नाव काढून घेण्याची गरज नाही, पण तिथे मुले काय करतात ते शिक्षकांना अवश्य विचारा. दोन मुले एका संगणकावर बसून बोलत बोलत चित्र काढत असतील, तर छान आहे; प्रत्येक जण एकटा बसून बरोबर उत्तरावर बोट दाबत असेल, तर त्यातून फारसे काही मिळणार नाही. घरच्या रोजच्या सरावाला मात्र नम्रपणे नकार द्या. तुम्ही काम करत असताना तो मांडीवर येऊन बसला आणि स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत उमटवून पाहू लागला, तर त्याला खुशाल पाहू द्या.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला स्वतःहून संगणक शिकायचा आहे. कोडिंगच्या एखाद्या वर्गात तिचे नाव घालावे का?

उत्तर : हे वय योग्य आहे आणि इच्छा तिची स्वतःची आहे, तेव्हा जरूर सुरुवात करा, पहिले काही महिने वर्ग मात्र लावू नका. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांना संगणकाला सूचना देता याव्यात म्हणून लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आले, जे मुलाच्या आज्ञेनुसार चालत रेघ काढत जाते. आज याच परंपरेतले स्क्रॅच हे प्रोग्रॅमिंगचे साधन मोफत उपलब्ध आहे आणि ते मुख्यतः आठ वर्षांपुढच्या मुलांसाठीच तयार केलेले आहे.

तिला त्यात आधी चौरस काढायला सांगा. तो ९० अंशांच्या वळणाने लगेच जमेल. मग तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण सांगा. कोन ६० अंशांचा असतो म्हणून ती वळणही ६० अंशांचेच देईल आणि आकृती उघडीच राहील. तेव्हा उत्तर सांगण्याचा मोह टाळा आणि तिला जमिनीवर त्याच वाटेने चालून पाहायला सांगा, म्हणजे वळताना आपण आतला नव्हे तर बाहेरचा, १२० अंशांचा कोन वळतो, हे तिच्या पायांनाच कळेल. असे प्रश्न तिला आवडू लागले आणि तुमच्या माहितीपलीकडचे काही ती विचारू लागली, की वर्गाचा विचार करा, आणि जिथे मुले स्वतःच्या कल्पनेचे काही घडवतात असाच वर्ग निवडा. तोवर संगणक बैठकीच्या खोलीतच असू द्या.