'पुट ऑफ' की 'पोस्टपोन'?

प्रश्न असा: बैठक पुढे ढकलल्याचं ऑफिसच्या ईमेलमध्ये 'पुट ऑफ' असं लिहिलं तर चालेल का? फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'पुट ऑफ'सारखी छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं, बोलण्यापुरती, लिहिताना एकच भारदस्त क्रियापद वापरायचं, असं शाळेत शिकवलं होतं.

चालेल. सर्वांना जाणाऱ्या सूचनेत मी मात्र 'पोस्टपोन'च लिहीन, कारण तिथे अर्थ एकच हवा. 'पुट ऑफ'ला टाळाटाळीची छटा आहे; शिवाय एखाद्याचं मन विटणं हाही त्याचाच अर्थ. सहकाऱ्याला दोन ओळी पाठवताना 'पुट ऑफ' सहज शोभतं.

शाळेतला नियम मला सरसकट मान्य नाही. 1066 नंतर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे तिकडून आलेल्या शब्दांना प्रतिष्ठा मिळाली आणि 'पुट', 'कम', 'गिव्ह' ही छोटी क्रियापदं घरगुती ठरली. पण 'कॅरी आउट' गंभीरातल्या गंभीर अहवालातही असतं. तिथे ते कुणाला खटकत नाही. कोशकार सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सर्वांत जड जाते ती हीच, क्रियापदाला छोटा शब्द जोडण्याची रचना.

आपण जास्त अडखळतो ते शब्दांच्या जागेवर. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. याउलट 'लुक आफ्टर' तुटत नाही, म्हणून 'लुक आफ्टर इट'. हे क्रियापदागणिक लक्षात ठेवावं लागतं, दुसरा उपाय नाही.

आणि कृपा करून 'कोप अप विथ' लिहू नका! आपल्याकडे अर्जांत, बातम्यांत ते सर्रास दिसतं. प्रमाण इंग्रजीत नुसतं 'कोप विथ'. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ' यांच्या सवयीनं हा 'अप' शिरला असावा. 'ईट अप'मधला 'अप' मात्र काम करतो: 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक, तोच तिथे. 'टाक'चं हे काम मराठी कानाला ओळखीचं आहे, तेव्हा पोटभर उदाहरणं वाचलीत की असा 'अप' कुठे हवा ते कळू लागेल.

लिहिताना आणखी एक बघा. क्रियापद असेल तर 'लॉग इन', 'बॅक अप' सुटं लिहायचं. नाम असेल तर 'लॉगिन', 'बॅकअप' जोडून.