कायद्याच्या भारतीय प्राध्यापकाला आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांच्या खटल्यांत काम करता येतं का?

येतं, पण हेगच्या आयसीसीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, न्यायाधीश होणं विसरा. तिथे अभ्यासकांसाठी 'बी' यादी आहे खरी, पण उमेदवार सदस्य देशाचाच नागरिक लागतो आणि भारताने रोम संविधीवर, म्हणजे हे न्यायालय स्थापणाऱ्या करारावर, सहीच केलेली नाही. नोकरभरतीतही सदस्य देशांना प्राधान्य.

तिथे खटले चालवू शकणाऱ्या वकिलांच्या यादीला नागरिकत्वाची अट नाही. मात्र फौजदारी कामकाजाचा 10 वर्षांचा अनुभव लागतो. नुसतं शिकवणं धरत नाहीत. आपल्याकडे पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, खरी गोची इथे आहे. म्हणून सनद आधी चालवा, शिकवणं अर्धवेळ ठेवा.

प्राध्यापक राहूनच काही करायचं तर आयसीसीच्या कार्यपद्धतीच्या नियमांतला नियम 103 बघा: न्यायालयाची परवानगी काढून न्यायमित्र (पक्षकार नसून न्यायालयाला मदत करणारा) म्हणून लेखी म्हणणं मांडता येतं. मुद्दा नेमका एकच घ्या, सगळा इतिहास सांगत बसू नका.

अभ्यास रोम संविधीच्या कलम 28 पासून सुरू करा: हाताखालच्यांच्या गुन्ह्यांसाठी वरिष्ठाची जबाबदारी. अत्याचार झाले हे बहुधा सिद्ध होतं. वरच्या अधिकाऱ्याशी त्यांचा संबंध जोडताना खटले कोसळतात. काँगोचा नेता बेम्बा आपल्या सैनिकांच्या अत्याचारांसाठी 2016 मध्ये दोषी ठरला, 2018 मध्ये अपिलात सुटला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, भिन्नमतांसकट. आणि फ्रेंच शिकाच, इंग्रजीसोबत तीही तिथली कामकाजाची भाषा आहे.