सकाळी मिसिंग, दुपारी ठणठणीत: आधी कोड पुसू देऊ नका

कोरेगावहून तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि राहवलं नाही. पेट्रोल गाडी, सकाळचा पहिला सेल्फ मारला की मिनिटभर मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि इंजिन हादरतं, चेक लाइट लुकलुकते, मग सगळं शांत. आणि साताऱ्यातल्या वर्कशॉपचं म्हणणं, 'गाडीत काही नाही.' मी अख्खा हिवाळा हेच सोसलंय. प्लग, फिल्टर, बॅटरी तुम्ही बघितलीच असेल, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महागात पडली ती वर्कशॉपची एक सवय. गाडी आत गेली की स्कॅनर लावायचा, गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड पुसायचा आणि 'लाइट गेली बघा' म्हणून चावी हातात द्यायची. कोडबरोबर फ्रीज फ्रेमही पुसली जाते. मिसिंग झालं त्या क्षणी कूलंटचं तापमान किती, आरपीएम किती, याची ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने ठेवलेली ती नोंद असते. दोष थंड इंजिनातलाच आहे याचा तोच तर पुरावा! बरं, घरून तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं. तापलेल्या इंजिनाची टेस्ट ड्राइव्ह घेऊन थंडीतल्या दोषाचा निकाल कसा लावणार? गाडी रात्री ठेवून घ्या, सकाळी तुम्हीच सेल्फ मारा, असं विनवलं तर 'रात्री गाडी ठेवत नाही.' मग त्यांचं सुरू: कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) बदला, इंजेक्टर साफ करा, थ्रॉटल बॉडी साफ करा. आणि प्रत्येक बिलात तळाला एक ओळ: कूलंट टॉप-अप. बंद सिस्टिममधलं कूलंट जातंय कुठे, हे एकाही सुपरवायझरला विचारावंसं वाटलं नाही. याचा राग मला अजून आहे.

ते जात होतं तिसऱ्या सिलिंडरमध्ये. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, किंचित झिरपत होतं. गाडी बंद केल्यावरही कूलंटमध्ये बराच वेळ प्रेशर राहतं, त्या जोरावर थोडंथोडं आत उतरायचं आणि सकाळी ओल्या प्लगवर ठिणगी पडायची नाही. मिनिटभरात ओल जळून गेली की इंजिन सुरळीत. हे शोधलं एमआयडीसीतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. संध्याकाळी रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला आणि गाडी तशीच ठेवली. सकाळी काटा खाली आलेला. चारही प्लग काढले, तर तिसरा ओला आणि धुतल्यासारखा स्वच्छ.

तुमचंही हेच असेल असं नाही. मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता लिहितोय. पण कोड पी ०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) असा एकाच सिलिंडरचा असेल तर आधी ती कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड तिच्याबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाहीतर नवी घेऊ नका. पी ०३०० असेल, म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरला होतंय, तर मी आधी कूलंटचा टेंपरेचर सेन्सर बघेन. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी नुसतं इग्निशन ऑन करायचं आणि स्कॅनरवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट ६० अंश दाखवत असेल तर ईसीयू इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतोय. सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा ओढली जात असेल तरी असंच होतं.

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सगळे दोष देतात. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, थंडीत सेल्फ जड जाऊ शकतो, हे मान्य. पण मिसिंग एकाच सिलिंडरला होत असेल तर पेट्रोलकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, ते चारही सिलिंडरना तेच जातं.

लाइट लुकलुकत असताना रेस करू नका, यवतेश्वरचा घाट तर अजिबात चढू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो गेला की खर्च कितीतरी वाढतो.

आज रात्री इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटच्या बाटलीवर मार्करने खूण करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आठवडाभराने पातळी किती उतरली आणि फ्रीज फ्रेममध्ये तापमान किती होतं, तेवढं कळवा. मग हेड उतरवायचं की नाही यावर बोलू.