ड्रायव्हर सीटचा फोम कडेला फाटलाय आणि सीट एका बाजूला बसलीये. घरी दुरुस्त होईल का, की नवीन सीटच घ्यावी?

नवीन सीट घ्यायची काही गरज नाही. दहा वर्षांची हॅचबॅक, दाराकडची कड फाटलेली, बसलं की उजवीकडे कलल्यासारखं वाटतं आणि सीटखाली पिवळा भुगा पडतो, असं तुम्ही लिहिलंय. हे नेहमीचं दुखणं आहे. माझं कुशनचं दुकान आहे, त्यामुळे रोज हेच बघतो. चढता-उतरताना आपण त्या कडेवरून घासत जातो आणि सगळं वजन क्षणभर तिच्यावरच येतं. म्हणून बाकी सीट ठणठणीत असली तरी ती कड आधी जाते.

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वरून एक इंचाचा थर टाकून द्या." ते करू नका. थराने खड्डा भरत नाही, नुसता झाकला जातो. थोड्याच दिवसांत नवा थरही त्याच खड्ड्यात बसतो. शिवाय सीट उंच होते, कव्हरच्या शिलाईवर ताण येतो, आरसे परत लावावे लागतात. जिथला फोम गेलाय तिथेच भरायचा, आणि त्याआधी सीट खालून बघायची.

खालून म्हणजे खरोखर सीट काढून, उलटी करून. चार बोल्ट असतात, बऱ्याच गाड्यांना १४ नंबरचा पाना लागतो. मात्र सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टचा समजा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही मिनिटं थांबा, मगच तो सोडवा. तो सुटा असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहील. सीटच्या पाठीत एअरबॅग असेल तर पाठीचं काम स्वतः करायचंच नाही.

आता फोम आणि स्प्रिंगच्या तारा यांच्यामध्ये बघा. तिथे फेल्टचा किंवा गोणपाटाचा तुकडा असतो. तो फाटला की तार थेट फोमवर घासते आणि गाडी हादरली की थोडा थोडा फोम कापत जाते. तुमचा भुगा बहुतेक इथलाच. फोम चिमटीत दाबून सोडा. परत फुगला तर तो जिवंत आहे; बोटांत पिठासारखा उतरला तर तेवढा भाग कापूनच टाकायचा, त्याला चिकट काहीही लावलं तरी धरत नाही. एखादी तार फ्रेममधून निसटलीये का तेही बघा. निसटली असेल तर फोम कितीही भरा, सीट कललेलीच राहणार. तार परत अडकवा आणि वर जाड कॅनव्हासचा नवा तुकडा टाका.

कव्हर पूर्ण उतरवू नका. खालच्या कडेला प्लास्टिकची पट्टी फ्रेममध्ये अडकवलेली असते, ती दाराच्या बाजूने सोडवून कव्हर वर दुमडलं की काम करण्याइतकी जागा होते. आत लोखंडी रिंगा लागल्या तर पकडीने उघडा. त्या परत वापरायच्या नसतात, नव्या घ्या.

फोम घेताना लोक फसतात ते डेन्सिटीच्या आकड्याला. ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन तेवढे किलो. तो टिकाऊपणाचा अंदाज आहे, कडकपणाचा नाही. ४० चा फोम मऊही मिळतो आणि कडकही. बसायच्या भागासाठी ४० किंवा त्याहून जास्त डेन्सिटीचा, मूळ फोमच्या शेजारी दाबून तेवढाच कडक लागेल तो घ्या. कडेसाठी रिबॉन्डेड, म्हणजे फोमचा चुरा दाबून बनवलेला रंगीबेरंगी फोम चांगला. पूर्ण सीट मात्र त्याची करू नका, पाटावर बसल्यासारखं होईल. पॅकिंगचा पांढरा ईपीई तर अजिबात नको, तो एकदा दबला की उठत नाही.

फाटलेल्या रेषेवरून कापू नका. नव्या ब्लेडच्या कटरने सरळ, स्वच्छ काप घ्या आणि खाचेपेक्षा किंचित मोठा तुकडा काढा, म्हणजे तो दाबून बसतो. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, वाळून कडक होतो आणि बसताना टोचतो. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबराचा सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला तार येईनाशी झाली की तुकडा बसवा. एकदा चिकटला की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनाने खुणा करून घ्या. याचा वास डोक्यात जातो, काम उघड्यावर करा आणि जवळ आग नको.

मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने नव्या तुकड्याला जुन्या गोलाईत आणा. घाईत लोक हेच टाळतात आणि मग कव्हरवर कायमची घडी दिसते. दुसऱ्या बाजूची कड बघून, हात फिरवत घासा. शेवटी सांध्यावर मांजरपाटाची पट्टी चिकटवा, म्हणजे कव्हर त्यावरून सरकतं आणि सांधा उचकटत नाही.

फोम सगळाच पीठ झाला असेल तर भंगारातून त्याच मॉडेलच्या सीटचा फोम मिळतो का बघा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला चौकशी करा. शक्यतो शेजारच्या सीटचा फोम बघा, तो कमी वापरलेला असतो. डावा-उजवा आकार एकच आहे का ते मात्र उलटा करून ताडून पाहा, आणि पावसात भिजलेला, कुबट वासाचा असेल तर फुकटही घेऊ नका.

एवढा खटाटोप नको असेल तर जवळच्या कुशनवाल्याकडे जा. त्याला "थर टाका" म्हणू नका, "खालची तार बघा आणि कडेचा तुकडा बदला" असं सांगा. आणि कव्हर परत बसवायच्या आधी आतलं काम बघायला मागा.