कर्णाश्म: हाड नव्हे, दगड

प्रश्न असा: ‘खोल समुद्रातल्या दुर्मीळ माशाचं वय कानाच्या हाडावरून कळलं’ अशा बातम्यांतल्या ओटोलिथला, म्हणजे माशाच्या कानातल्या खड्याला, ‘कर्णास्थी’ म्हणावं का? आणि त्याचं अनेकवचन काय?

हाड म्हणूच नका! ग्रीक ‘लिथॉस’ म्हणजे दगड, हे ठाऊक असूनही लोक हाडाला चिकटून बसतात. हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं, त्याची झीज-भर चालूच. हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर चढलेला थर सहसा परत विरघळत नाही, म्हणून तर वर्षावर्षाची वलयं मोजून वय काढता येतं. हाड समजून मासा नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकला, की त्यातलं आम्ल खडा खातं. संग्रहात मासा उरतो, वय जातं. खडा आधी काढून, धुऊन, कोरडा ठेवावा. अखंड खड्यावरची वलयं मोजण्यातही फसगत आहे. म्हाताऱ्या माशाचा खडा लांबीपेक्षा जाडीत वाढतो, त्यामुळे वय कमी भरतं. तो रेझिनमध्ये बसवून गाभ्यातून आडवा पातळ काप घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशाचं वय तर १९९१ साली खड्यातल्या शिसं-२१० आणि रेडियम-२२६ या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या प्रमाणावरून १४९ वर्षांपर्यंत गेलं.

‘कर्णवालुका’ सुचवणाऱ्यांनी एकदा घोळ माशाचं डोकं फोडून पाहावं. चिमटीत धरता येणारा पांढरा खडा निघतो, त्याला वाळू म्हणायचं? वाळू माणसाच्या कानातल्या बारीक कणांना शोभेल.

शब्द ‘कर्णाश्म’च. जीवाश्म चालतो, मुतखड्याला अश्मरी चालते, मग इथेच अडायचं कारण काय? आणि खरी गंमत ‘अश्मन्’मध्ये आहे. त्याचा अवेस्तातला (पारशांच्या धर्मग्रंथातला) भाऊ ‘अस्मन्’, अर्थ दगड आणि आकाशही; आकाश दगडी घुमट आहे अशी कल्पना. त्यातूनच फारसी ‘आस्मान’, आणि आपलं अस्मानी-सुलतानीतलं अस्मान! ग्रीकमध्ये तोच शब्द ‘आक्मोन’ झाला, अर्थ ऐरण. माणसाच्या कानात ऐरण नावाचं हाड आहे, माशाच्या कानात अश्म. इंग्रजी ‘हॅमर’ही याच कुळातला, असं मी मानतो. काही व्युत्पत्तिकार ध्वनिनियमांवर बोट ठेवून हात आखडतात. पण दगडाचाच हातोडा करणाऱ्यांनी दगडाचंच नाव त्याला दिलं, यात अशक्य ते काय? माणसाच्या कानात ऐरण आणि हातोडा ही दोन हाडं शेजारी-शेजारी बसलीत, दोघांचं मूळ एकच दगड. अशी सोयरीक सोडून कोरडं ‘कर्णास्थी’ कोण घेईल?

अनेकवचन राहिलंच. ‘अश्मन्’ संस्कृतात पुल्लिंगी, मराठीतही तसंच ठेवा: एक कर्णाश्म, सहा कर्णाश्म. सहा, कारण माशाच्या प्रत्येक कानात तीन असतात.