‘हिस्पॅनिक वंशाचे मतदार’

टेक्सासच्या पात्र मतदारांची ‘गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक वंशाचे’ अशी वाटणी बातम्यांत वाचून एका वाचकाने विचारले आहे, की हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले लोक, हा वंश म्हणावा काय. म्हणू नये. अमेरिकी शासनाच्या 1977च्या निर्देशानुसार हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकत असे; 2024च्या सुधारणेत मात्र वंश आणि मूळ यांचा प्रश्न एकत्र केला गेला. ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून 1930च्या जनगणनेत घातला होता खरा. पण मेक्सिकोने हरकत घेतली आणि 1940मध्ये तो निघाला.

खरी चूक ‘वंश’ या शब्दाच्या वापरात आहे. वंश म्हणजे मुळात वेळू. पेरावर पेर चढत जाते, तशी पिढीवर पिढी. पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हणतात तेही मणक्यांच्या अशाच चढणीमुळे. पाणिनीच्या ‘संख्या वंश्येन’ या सूत्रावरील काशिकावृत्ती ही टीका सांगते, की वंश जन्माने चालतो तसा विद्येनेही चालतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटच्या वंशयादीत तर पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र असे आईच्या नावाने ओळखले जाणारे आचार्य एकापुढे एक उभे आहेत, आणि ही यादी रक्ताची नसून गुरुशिष्यांची आहे. माझे मत असे, की वंश ही उभी रेघ आहे, आणि एकाच काळी एकत्र नांदणाऱ्या कोट्यवधी माणसांचा आडवा गट तिच्यात मावत नाही. परिभाषाकोश रचणाऱ्यांनी तो कोंबला, वर ‘वांशिक’ हे एकच विशेषण ‘रेशियल’ आणि ‘एथ्निक’ या दोन वेगळ्या कल्पनांना वाटून दिले, आणि आता ‘रूढ झाले आहे’ एवढे म्हणून ते हात झटकतात. ‘वंशाचा दिवा’ म्हणणाऱ्या कोणत्याही आजीला यातला घोळ त्यांच्याआधी कळला असता.

हिस्पॅनिकांसाठी ‘मूळ’ हा शब्द पुरेसा आहे. 2020पर्यंत जनगणनेच्या प्रश्नावलीतही मूळच विचारले जात आले. मात्र ‘हिस्पॅनिक मूळ असलेले मतदार’ असे लिहितानाही लोकसंख्येचा आकडा मतदारांच्या माथी मारू नये. 2020च्या जनगणनेत टेक्सासमध्ये हिस्पॅनिक 39.3 टक्के आणि हिस्पॅनिकेतर गोरे 39.7 टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीत होते. पात्र मतदारांत मात्र हिस्पॅनिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण त्यांच्यात अठरा वर्षांखालील मुले अधिक आहेत आणि अनेक प्रौढांना नागरिकत्व नाही. शिवाय पात्र म्हणजे नोंदणीकृत नव्हे. टेक्सासच्या मतदारनोंदणीच्या अर्जात वंशाचा रकानाच नसल्यामुळे पात्र मतदारांची ही वाटणी जनगणना विभागाच्या नमुना-पाहणीवरून काढलेली असते, तेव्हा आकड्यापूर्वी ‘अंदाजे’ लिहिणे आवश्यक आहे.